लुटुपुटूचा सर्व्हर, खरी तालीम

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. खर्च सुमारे १३० कोटी रुपये. चर्चा झाली ती यंत्रांच्या वेगाची. संशोधक विद्यार्थी अशा यंत्रांशी बोलतो ते मात्र एसएसएचमार्फत, बहुधा स्वतः लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टमधून. गणिते रांगेत लावायची, निकालांच्या फायली उतरवून घ्यायच्या, जुन्या पुसायच्या. ही स्क्रिप्ट पुष्कळदा थेट खऱ्या यंत्रावरच पहिल्यांदा चालते, आणि चालली म्हणजे तपासली गेली असे मानले जाते.

हा समज महागात पडू शकतो. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती पुसली गेली. जुन्या नोंदी काढून टाकणारी स्क्रिप्ट चालू असतानाच बदलली गेली, चलांच्या किमती हरवल्या आणि नको त्या फायली नष्ट झाल्या. त्यांतील काही कायमच्या गेल्या.

पायथॉनमधील पॅरामिको ही लायब्ररी वापरून चाचणीपुरता नकली एसएसएच सर्व्हर स्वतःच्या लॅपटॉपवरच उभा करता येतो. तो आलेली आज्ञा अमलात आणत नाही. ती नोंदवून ठेवतो आणि ठरवून दिलेले उत्तर परत पाठवतो. चल रिकामे राहिले तर पुसण्याची नेमकी कोणती आज्ञा गेली असती, हे एकही फाइल न गमावता कळते.

त्याचे मोठे मोल सांगू तेव्हा बिघडण्यात आहे. खऱ्या महासंगणकाला ‘आता मध्येच संपर्क तोड’ असे फर्मावता येत नाही. नकली सर्व्हर संपर्क तोडतो, अर्धीच फाइल देतो, परवानगी नाकारतो. अशा वेळी स्क्रिप्ट थांबते, की अर्धवट आकड्यांनाच निकाल समजून पुढे जाते, हे तिथेच उघड होते.

अर्थात नकली सर्व्हर त्याच्या लेखकाच्या समजुतीइतकाच शहाणा असतो. खऱ्या यंत्राच्या उत्तराचा साचा बदलला, तरी चाचण्या यशस्वीच दिसत राहतील. क्योतोसारखी प्रत्येक चूक तालमीत सापडेलच असेही नाही. म्हणून खऱ्या यंत्रावरची एखादी छोटी तपासणी सोबत हवीच.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अंशांकन न केलेल्या उपकरणाचे वाचन स्वीकारले जात नाही. शोधनिबंधातील आकडे ज्या स्क्रिप्टमधून येतात, तिला वेगळा न्याय का? मार्गदर्शकांनी निकालांबरोबर चाचण्याही मागाव्यात.