दातांचा घसारा



"दाताला एवढे पैसे?" हे वाक्य आपल्या घरांत इतक्या सहज म्हटलं जातं, की आज त्याचा हिशेबच मांडते. दातांचे उपचार स्वस्त नाहीत, मान्य. पण त्यांना चौपट महाग करतं ते आपलं "बघू नंतर".

कीड वरवर असते तेव्हा दात भरायला काहीशे किंवा हजार-दीड हजार लागतात. दुखत नाही म्हणून थांबलो की कीड नसेपर्यंत पोचते. मग रूट कॅनाल, त्यावर कॅप, आणि बिल कित्येक हजारांत. "काढून टाका, सुटलो" म्हणणारे तर मुळीच सुटत नाहीत. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात. ब्रिज बसवायचा तर बाजूचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट म्हटलं की एका दाताला पंचवीस-तीस हजार सहज जातात.

बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला. यंत्र झिजणार हे ठाऊक असतं, म्हणून दरवर्षी रक्कम बाजूला ठेवायची. चौलमध्ये वाडीच्या पंपाची, पावसाआधी कौलं परतण्याची तरतूद घरोघरी असते. दातांची कुठे असते? त्यातही आधी मुलांचे दात, मग यजमानांचे, शेवटी बाईचे. आयंबिलाला शेकलेले चणे चावेनासे झाले की "वय झालं" म्हणून आपण मोकळ्या!

विम्यावर विसंबू नका. अपघात सोडला तर बहुतेक पॉलिसी दातांचा खर्च देत नाहीत. आपली पॉलिसी काढून ते कलम वाचा. साठी ओलांडली असेल आणि आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करपद्धतीत सवलतीसाठी वर्षाला 50,000 रुपयांपर्यंत औषधपाण्याचा खर्च दाखवता येतो. मात्र रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत. चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावती जपा.

दवाखान्यात खर्चाचा अंदाज लेखी मागा. कॅप धरून आकडा सांगितला की सोडून? कॅप कशाची? एक्स-रे वेगळा? फेऱ्या किती? सुपारी विकताना भाव विचारायला आपण लाजतो का?

खाजगी खर्च झेपत नसेल तर मुंबईला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटी स्टेशनजवळ. खर्च कमी, पण रांग आणि फेऱ्या जास्त. पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँच बंद असतात, म्हणून असं काम दिवाळीनंतर काढावं.

आणि आजच पोस्टात दरमहा 500 रुपयांचं आवर्ती ठेव खातं उघडा. पाच वर्षांत 30,000 रुपये जमतील, व्याज वेगळं. लग्नकार्य आलं, नातवाची फी आली, तरी ते मोडायचं नाही. खातं आपल्या स्वतःच्या नावावर हवं, आणि पहिला दात दाखवायचा तोही आपला.