तुमचं आवडतं घुबड कोणतं?

काशीला गेलेली मराठी मंडळी मणिकर्णिकेचं दर्शन झालं की जवळच्या भोसले घाटावरही हमखास डोकावतात. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा घाट. इथे लक्ष्मीनारायणाचं देऊळ आहे. नारायणाचं वाहन गरुड. त्याच्यापुढे हात आपोआप जोडले जातात. उत्तरेत आणि बंगालात लक्ष्मीचं वाहन घुबड मानतात. पण तेच घुबड वळचणीला येऊन बसलं की मंडळी काठी शोधू लागतात!

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून दिवाळीत तिच्याच वाहनाचा बळी देण्याची अघोरी प्रथा काही ठिकाणी आहे. २०१० साली 'ट्रॅफिक' या संस्थेने घुबडांच्या चोरट्या व्यापाराचा अहवाल काढला. देशातल्या तीसेक जातींपैकी निम्म्या जाती या बाजारात आढळल्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा व्यापार गुन्हा ठरतो, तरीही.

न्यूझीलंडमध्ये २००५ पासून लोक मतं देऊन 'वर्षाचा पक्षी' निवडतात. आपल्याकडे गंमत म्हणून घुबडांची अशी निवडणूक लावली तर? पंचाईत पहिल्याच पायरीवर. मत द्यायला उमेदवाराचं नाव ठाऊक हवं आणि आपण सगळ्यांना सरसकट 'घुबड' म्हणून मोकळे होतो. तेही बहुधा शेजाऱ्याला उद्देशून.

रूपावर मतं पडली तर शृंगी घुबड जिंकेल. नारिंगी डोळे, रुबाबदार बैठक आणि डोक्यावर दोन शिंगं. ही शिंगं म्हणजे नुसत्या पिसांचे तुरे. खरे कान डोक्याच्या बाजूंना पिसांखाली दडलेले असतात. पण तुरेवाल्या घुबडात जादा शक्ती असते, असं मांत्रिक सांगतात. त्यामुळे त्याला मागणीही जास्त. देखणेपण असं अंगाशी येतं.

कामावर मत द्यायचं तर गव्हाणी घुबड. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा. मुक्काम जुन्या वाड्यात, देवळाच्या शिखरात नाहीतर गोदामात. मिट्ट काळोखात केवळ कानोसा घेऊन ते उंदीर पकडतं. त्याची पिल्लं फुसफुसतात, आणि वाड्यात भूत आहे म्हणून बोभाटा होतो.

पिंगळ्याची गोष्टच निराळी. हे बोटभर नसलं तरी वीतभर घुबड. सांजावलं की आंब्याच्या ढोलीतून याचं कुटुंब बाहेर येऊन कलकलाट करतं. त्याची भाषा कळते असं सांगत पहाटे कंदील घेऊन दारोदार फिरणारा जोशीही पिंगळाच. त्याला आयाबाया सुपातून धान्य घालत. म्हणजे घुबडाच्या नावाने दारी आलेल्याला आपण दान देत होतो!

त्याचा भाऊबंद रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूमने त्याची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर तो कुणाला सापडेना. मध्ये मायनर्ट्‌झहागन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचा दावा केला. पण तो नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून नव्याने भरलेला निघाला! हा दावा बाजूला ठेवून पामेला रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये शोध घेतला. शहाद्याजवळच्या जंगलात, भरदिवसा, रानपिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो भेटला. सागाची जुनी, ढोली असलेली झाडं तुटली की त्याचं घर जातं. आज जगभरात तो फक्त मध्य भारतात आणि लगतच्या पश्चिम घाटाच्या उत्तर टोकाला उरला आहे. एकच मत असेल, तर ते त्याला द्यावं.

पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ च्या नोव्हेंबरात उलूक महोत्सव भरवला. शाळकरी मुलांनी घुबडांची चित्रं काढली, वस्तू बनवल्या. ज्या पोराने पिंगळ्याचे ठिपके रंगवले, ते त्याच्या ढोलीवर दगड मारायला सहसा जाणार नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर, पोटमाळ्यावर गव्हाणीची पिल्लं सापडली तर हात न लावता तो कोपरा तेवढा तसाच ठेवावा. पिल्लू जखमी असेल तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा. काही आठवडे ती उंदरांवर पोसली जातील, आणि मग जागा आपोआप मोकळी होईल.