मासा मोठा, पण पेटी केवढी?

दिवाणखान्यात माशांची काचेची पेटी ठेवायची म्हटले की मुलांचा हट्ट ठरलेला, "आई, मोठा मासा हवा!" गप्पी, मॉली कितीही गोड असोत, आल्यागेल्याची नजर खिळते ती वीतभर माशावरच. हौस गैर नाही. पण शिरवळहून पुण्याला मासे आणायला निघण्याआधी घरात जरा टेप लावून पाहा.

मध्यम पेटी म्हणजे साधारण ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिच्यात सुमारे दीडशे लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन दीडशे किलो झाले! शिवाय काच आणि वाळू. तेव्हा टीपॉयवर नको, भक्कम लोखंडी स्टँडवरच ठेवा.

मासा निवडताना आपण पेटीची लांबी बघतो. बघायची असते रुंदी. कारण माशाला वळायला जागा लागते. सव्वा फूट म्हणजे ३८ सेंटिमीटर. दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर वाढून ३० सेंटिमीटरचा होतो. मग त्याने वळायचे कसे? लक्ष्मी येते म्हणून हौसेने आणतात तो अरोवाना तर पाऊण मीटरच्या पुढे जातो. शार्क म्हणून विकतात तो पंगासियस मीटरभर होऊ शकतो. काच साफ करणारा सकरही हातभर वाढतो. ही मंडळी आपल्या पेटीची नव्हेतच.

"पेटी लहान असली की मासा लहानच राहतो," असे विकणारा सांगेल. ऐकू नका बरं! खराब पाण्यात वाढ खुंटते आणि बिचारा कुढत, आजारी पडत जगतो.

मग आणायचे काय? यांपैकी एकच प्रकार निवडा:

मोती गुरामी: १० ते १२ सेंटिमीटर, स्वभावाने शांत. चार-पाच आणा. हा वर येऊन हवाही घेतो, त्यामुळे वीज गेली तरी थोडा वेळ तग धरतो. झाकण आणि पाणी यांत दोन बोटे जागा सोडा.

एंजल: अंग १५ सेंटिमीटरपर्यंत, पंख धरून उंची त्याहून जास्त. दीड फूट उंचीच्या पेटीत शोभतो. चार पुरेत. सोबत बारीक मासे ठेवले तर मात्र गट्ट करील.

सेव्हेरम: खरोखर मोठा मासा हवाच असेल तर हा. २० सेंटिमीटर होतो. एक किंवा एक जोडी, बस्स.

गोल अंगाचा गोल्डफिश: दोनच. याला थंडीत हीटर लागत नाही, पण घाण फार करतो. वरच्या तिघांना मात्र २५-२६ अंश ऊब हवी.

मोठा मासा म्हणजे मोठी घाण, हे ध्यानात असू द्या. त्यांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचा निचरा करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला महिनाभर लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी सगळे मासे सोडू नका. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यातले क्लोरीन जाण्यासाठी ते पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली नव्हे, पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. मासा पेटीत मावेनासा झाला की पुष्कळजण "जीव वाचला, पुण्य लागले" म्हणत त्याला नीरेत किंवा विहिरीत सोडून येतात. हे पुण्य नव्हे हो! मोझांबिकची चिलापी १९५२ साली आपल्या देशात आणली गेली. आज ती गावोगावच्या तळ्यांत, धरणांत ठाण मांडून आहे आणि आपल्या माशांच्या वाट्याचे खाते आहे. सकरनेही देशातल्या कित्येक नद्यांत हेच आरंभले आहे. ज्या नदीवर कोळ्यांच्या चुली पेटतात, तिथे आपल्या दिवाणखान्यातली अडगळ कशाला?

तेव्हा खरेदीआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: हा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, आणि न मावल्यास परत घ्याल का? धड उत्तर मिळाले नाही, तर मुलाचा हात धरून सरळ पुढच्या दुकानात चला. तिथे चार मोती गुरामी पाहिल्या की हट्ट आपोआप विरघळतो.