विश्लेषण : लीगमध्ये निवडलेल्या तरुण बचावपटूला वेळ किती द्यायचा? रायगडच्या कबड्डीप्रेमींमध्ये दोन तट का?

रायगडच्या किनारपट्टीवरचा एखादा मुलगा प्रो कबड्डी लीगच्या संघात निवडला गेला की गावात फटाके वाजतात, नाक्यावर अभिनंदनाचा फलक लागतो. तो चढाईपटू असेल तर त्याचे काय होणार हे दोन-चार सामन्यांत कळते. कोपरारक्षक किंवा मध्यरक्षक असेल तर मात्र वाद सुरू होतो. ‘पहिल्याच हंगामात दिसायला हवा’ असे एक गट म्हणतो, तर ‘तीन वर्षे थांबा’ असे दुसरा. या वादात तथ्य कोणाच्या बाजूने आहे आणि त्या मुलाचे पणाला काय लागते, याचा हा आढावा.

वाद नेमका कशावरून?

अलिबाग, पेण, उरण, मुरूड, रोहा या पट्ट्यात कबड्डी हा पाहण्याइतकाच खेळण्याचाही खेळ आहे. भातकापणी झाली की शेतात माती टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार होते. ग्रामदेवतेच्या जत्रेपासून नेत्याच्या वाढदिवसापर्यंत कोणत्याही निमित्ताने प्रकाशझोतातील स्पर्धा होतात. त्यामुळे येथील प्रेक्षक जाणकार आहे. कोणता मुलगा घोट्याची पकड घेतो, कोणाचा ब्लॉक पक्का आहे, हे त्याला किशोर गटापासून ठाऊक असते.

हाच प्रेक्षक तो मुलगा टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहू लागतो तेव्हा अडचण होते. गावच्या मैदानात एका रात्रीत सात-आठ पकडी करणारा मुलगा लीगमध्ये राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला दिसतो. संधी मिळालीच, तर पहिल्या दोन पकडी फसतात आणि प्रशिक्षक त्याला बदलतो. ‘हवा जास्त केली होती’ आणि ‘त्याला खेळवतच नाहीत’ हे दोन्ही शेरे मग एकाच कट्ट्यावर ऐकू येतात.

बचावपटूला चढाईपटूपेक्षा जास्त वेळ का लागतो?

पहिले कारण गुणांच्या हिशेबात आहे. चढाईपटूला ३० सेकंद मिळतात. गडी मिळाला नाही तर तो हात हलवत परत येतो. तिसरी, म्हणजे ‘डू ऑर डाय’ चढाई सोडली तर त्याचे काही बिघडत नाही. बचावपटूला अशी मोकळीक नाही. फसलेल्या पकडीची किंमत लगेच मोजावी लागते. प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, तो स्वतः बाहेर जातो आणि आपल्या संघाने गुण मिळवेपर्यंत बाहेरच बसतो. त्याच्या जागी आलेल्या गड्याला कोपऱ्याची सवय नसेल, तर पुढची चढाईही महागात पडते. लोण बसण्याची सुरुवात अनेकदा अशाच एका उतावळ्या पकडीतून होते.

दुसरे कारण म्हणजे पकड एकट्याची नसते. डावा कोपरा आणि डावा मध्यरक्षक, उजवा कोपरा आणि उजवा मध्यरक्षक या जोड्यांनी साखळीत हालायचे असते. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्धा सेकंद उशिरा आला, तर चढाईपटू मध्यरेषेला हात लावतो. गावच्या संघात ही जोडी लहानपणापासून एकत्र वाढलेली असते. लीगमध्ये शेजारी हरयाणाचा, तमिळनाडूचा किंवा इराणचा खेळाडू असतो. खुणा वेगळ्या, भाषा वेगळी. ही समजूत सरावातूनच येते आणि तिला सामने लागतात.

तिसरे कारण शरीराचे. कुमार गटात वजनमर्यादा कमी असते. तेथून आलेल्या १९-२० वर्षांच्या मुलाला लीगमध्ये आपल्यापेक्षा भारी आणि वेगवान चढाईपटू रोखायचा असतो. मांड्या, कंबर आणि मनगट यांची ताकद एका शिबिरात येत नाही.

माती आणि मॅटचा फरक किती?

बराच. मातीवर पाय किंचित सरकतो, त्यामुळे चढाईपटू दिशा बदलताना थोडा मंदावतो आणि कोपऱ्याला पाय रोवून झेप घ्यायला क्षणभर जादा मिळतो. मॅटवर बूट घालून खेळताना पकड घट्ट बसते. चढाईपटू जागच्या जागी वळतो आणि तो जादा क्षण नाहीसा होतो. मातीत मुरलेल्या कोपरारक्षकाची झेप म्हणूनच मॅटवर सुरुवातीला उशिरा पडते. त्यातच घट्ट बसलेल्या पायावर वजन आले की गुडघा पिळवटतो. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत आजही सराव मातीवरच होतो. मॅट सहसा स्पर्धेपुरती अंथरली जाते.

‘लगेच दिसायला हवा’ म्हणणाऱ्यांकडे कोणती उदाहरणे आहेत?

त्यांची बाजू पोकळ नाही. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई आठव्या हंगामात पाटणा पायरेट्सकडून प्रथम खेळला आणि पकडींचे ८९ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटू ठरला. नवव्या हंगामात जयपूर पिंक पँथर्सच्या अंकुशने पदार्पणातच पुन्हा ८९ गुण मिळवले आणि संघाने विजेतेपदही पटकावले. यूपी योद्धाच्या नितेश कुमारने आपल्या दुसऱ्याच हंगामात, २०१८ मध्ये, पकडींच्या गुणांचे शतक गाठले. एका हंगामात असे करणारा तो पहिला बचावपटू.

पण ही उदाहरणे अपवाद म्हणूनच लक्षात राहिली आहेत. दरवर्षी प्रत्येक संघ काही नवे तरुण खेळाडू घेतो. त्यांतील बहुतेकांचा पहिला हंगाम बाकावर किंवा थोड्या सामन्यांत जातो. शिवाय पहिल्या झपाट्यानंतर प्रतिस्पर्धी संघ चित्रफिती पाहून खेळाडूची झेप, उभे राहण्याची जागा आणि उतावळेपणा टिपतात. पहिल्या वर्षी यशस्वी ठरलेली युक्ती दुसऱ्या वर्षी ओळखीची झालेली असते. खरी परीक्षा तेथे सुरू होते.

‘थांबा’ म्हणणाऱ्यांची बाजू काय?

त्यांच्याकडे सर्वांत मोठे नाव फझल अत्राचलीचे आहे. २०१५ मध्ये यू मुम्बाकडून लीगमध्ये आलेला हा डावा कोपरारक्षक २०१८ मध्ये एक कोटी रुपयांना विकला गेला. म्हणजे पूर्ण किंमत मिळायला काही हंगाम जावे लागले. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी बाराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले, तेव्हा विजेत्या संघात ३३ वर्षांचा फझल होता.

जवळचे उदाहरण कोकणातलेच. रत्नागिरी जिल्ह्यातील उजवा कोपरारक्षक शुभम शिंदे पुणे, पाटणा, बंगाल अशा संघांतून फिरला आणि अकराव्या हंगामात पाटणा पायरेट्सचा कर्णधार म्हणून अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. गिरीश इरनाकही एका संघात स्थिरावला नाही. पण हंगामामागून हंगाम खेळत तो लीगमधील सर्वाधिक पकडी करणाऱ्यांत जाऊन बसला. यांपैकी कोणाचाही निकाल पहिल्या दहा सामन्यांवर लावला असता, तर तो चुकला असता.

संघ म्हणून विचार केला तर पुणेरी पलटणचा दाखला दिला जातो. दहाव्या हंगामातील विजेत्या संघात शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले गेले होते. पण त्याच्या बाजूला संकेत सावंत, अबिनेश नदराजन, गौरव खत्री हे संघाने सांभाळून वाढवलेले बचावपटू होते. १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सविरुद्धचा अंतिम सामना २८-२५ असा सुटला. एवढ्या कमी गुणांचा सामना बचावावरच जिंकला जातो.

मग अपेक्षा किती ठेवायची?

येथे साधे गणित उपयोगी पडते. दहाव्या हंगामात शादलुईने पकडींचे ९९ गुण मिळवले. पलटणचे सामने होते २४. म्हणजे लीगच्या इतिहासातील सर्वोत्तम कामगिरींपैकी एका कामगिरीची सरासरी सामन्याला चार गुणांच्या थोडी वर आहे. गावच्या मुलाने दर सामन्यात ‘हाय फाइव्ह’, म्हणजे पाच गुण, मिळवावेत ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरते. नियमित संधी मिळालेल्या नवख्याने सामन्याला दोन गुण मिळवले, तरी तो आपल्या वाटेवर आहे असे मानायला हरकत नाही.

गुणांपलीकडेही काही पाहावे लागते. दहा प्रयत्नांत किती पकडी यशस्वी झाल्या? बोनस रोखण्यासाठी तो पुढे सरकतो का? तीन किंवा कमी गडी उरले असताना, अव्वल पकडीची संधी असते तेव्हा, तो घाई करतो की थांबतो? मध्यरक्षकाच्या बाबतीत तर आकडे आणखी फसवे असतात. पकडीचा गुण बहुधा पहिल्यांदा हात घालणाऱ्याच्या नावावर लागतो; मागून येऊन चढाईपटूला मैदानाबाहेर ढकलणाऱ्याच्या नावावर काहीच नोंदले जात नाही. जुना प्रेक्षक हे डोळ्यांनी टिपतो. मोबाइलवर केवळ गुणतक्ता पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

या घाईची किंमत कोण मोजतो?

खेळाडूच. बाराव्या हंगामाच्या लिलावात ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये होती, ‘अ’ गटाची ३० लाख. बातम्या येतात त्या दोन कोटींच्या बोलींच्या. त्यामुळे गावाला आपला मुलगा श्रीमंत झाला असे वाटते आणि अपेक्षा त्या आकड्याच्या होतात. वास्तवात हंगाम संपल्यावर संघाने कायम ठेवले नाही, तर त्याला पुन्हा लिलावाची वाट पाहावी लागते आणि बोली लागेलच याची खात्री नसते.

त्यात वेळापत्रकाची भर. बारावा हंगाम २९ ऑगस्टला सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपला. नेमका त्यानंतर गावोगावच्या स्पर्धांचा मोसम सुरू होतो. लीगमध्ये खेळून आलेल्या मुलाला प्रत्येक मंडळाचे बोलावणे असते. नाही म्हटले तर ‘मोठा झाला’, हो म्हटले तर दुखऱ्या गुडघ्यावर रात्री-अपरात्री मातीत उतरायचे. लीगमध्ये स्वतःला सिद्ध करता आले नाही, ही बोच असलेला मुलगा गावात ते सिद्ध करायला जातो आणि दुखापत वाढवून घेतो. बचावपटूचा गुडघा गेला की कारकीर्दच धोक्यात येते.

तिसरा प्रश्न शिक्षण आणि नोकरीचा. पूर्वी मुंबईतील बँका, रेल्वे, पोलीस आणि कंपन्यांचे संघ हे कोकणातील कबड्डीपटूंचे ध्येय असे. खेळ संपला तरी पगार सुरू राहायचा. आजही राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्या वाटेवर लीगच्या झगमगाटापेक्षा राज्य आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांतील प्रमाणपत्रे कामी येतात. एका हंगामाच्या आशेवर पदवी अर्धवट सोडणाऱ्या मुलाच्या हातून दोन्ही वाटा निसटू शकतात.

पुढे काय?

‘किती वेळ’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पण अनुभव सांगतो की पहिला हंगाम शिकण्याचा, दुसरा प्रतिस्पर्ध्यांनी ओळखल्यानंतर टिकण्याचा आणि तिसरा जबाबदारी पेलण्याचा मानावा. तिसऱ्या हंगामातही पकडींचे प्रमाण सुधारत नसेल, तर टीका रास्त ठरते. अर्थात, त्यासाठी त्याला सलग सामने मिळालेले असायला हवेत. बाकावर बसवून ठेवलेल्या खेळाडूची वर्षे या हिशेबात धरता येत नाहीत.

गावाच्या हातात लीगचे लिलाव नाहीत. पण सरावाला कायमस्वरूपी मॅट, कुमार गटापासूनच व्यायामाचा प्रशिक्षक, हंगामानंतर महिना-दीड महिना सक्तीची विश्रांती आणि पदवी पूर्ण करण्याचा आग्रह, एवढे तर मंडळांना आणि पालकांना करता येते. जाणकार म्हणवणाऱ्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट करता येईल. फसलेल्या पकडीनंतर बाहेर बसलेल्या मुलाकडे पाहताना तो गावच्या मैदानात पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याच्या किती पकडी फसल्या होत्या, हे आठवता येईल. तेव्हा त्याला कोणी मैदानाबाहेर काढले नव्हते, म्हणूनच तो इथवर पोहोचला.