पाण्याचा उकाळा आणि विजेची जयणा

चातुर्मास सुरू झाला की पनवेलमधील अनेक जैन घरांत पहाटेचे पहिले काम ठरलेले असते. पिण्याचे पाणी गाळावयाचे आणि उकळत ठेवावयाचे. पूर्वी हे काम चुलीवर होई, पुढे स्टोव्ह आणि गॅस आले; आता पुष्कळ स्वयंपाकघरांत विजेची शेगडी आली आहे. तिच्यावर १५०० असा आकडा झळकतो आणि आकडा जितका मोठा तितके पाणी अधिक तापणार, असा समज सहज होतो. हा समज अपुरा आहे. त्यामुळे केवळ विजेचे बिल वाढते असे नाही. प्रसंगी घरावर संकटही ओढवते.

शक्ती, उष्णता आणि तापमान या तीन निराळ्या गोष्टी आहेत. नळाखाली भांडे ठेवले असता नळाची धार, भांड्यात साठलेले पाणी आणि पाण्याची पातळी ही तिन्ही जशी वेगळी, तसेच हे. वॅट म्हणजे धार: १५०० वॅटची शेगडी दर सेकंदाला १५०० ज्यूल उष्णता देते. ज्यूल हे साठ्याचे माप, आणि अंश सेल्सिअस हे पातळीचे. भांड्याला छिद्रे असतील, तर येणारी धार आणि गळती यांचा मेळ जेथे बसेल तेथे पातळी थांबते. तापमानही असेच ठरते. उष्णता किती येते यावर ते जितके अवलंबून, तितकेच ती किती वेगाने बाहेर जाते यावर.

एक लिटर पाण्याचे तापमान १ अंशाने वाढविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. ३० अंशांचे पाच लिटर पाणी १०० अंशांपर्यंत न्यावयाचे तर सुमारे १४६५ किलोज्यूल, म्हणजे ०.४ युनिट वीज हवी. शेगडीची सारी उष्णता पाण्यातच गेली असे धरले तरी १५०० वॅटला सोळा मिनिटे लागतात. प्रत्यक्षात थोडी अधिक लागतील. पातेल्यावर झाकण असेल, तर ही वाढ कमी राहते.

खरी गंमत यापुढे आहे. पाणी एकदा खळखळू लागले की त्याचे तापमान वाढतच नाही. पनवेल समुद्रसपाटीच्या जवळ असल्याने ते १०० अंशांवर थांबते. जवळच्याच माथेरानच्या पठारावर, सुमारे ८०० मीटर उंचीवर, ते ९७ अंशांच्या आसपासच उकळते. त्यानंतर येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. १५०० वॅटची शेगडी दहा मिनिटे अधिक चालू ठेवली, तर पाव युनिट वीज जाते, जवळजवळ ४०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन उडते आणि तापमान मात्र होते तेथेच राहते. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पाण्याला तीन उकाळे येऊ देण्याची रीत आहे. ती पाळताना पहिला उकाळा आल्यावर शेगडी मंद केली, तरी नियमाला कोठेही बाधा येत नाही. झाकलेल्या पातेल्यातील उकळी थोड्या शक्तीवरही टिकते.

पाणी असे १०० अंशांवर थांबते, म्हणून ते एक प्रकारचे रक्षकही आहे. आंघोळीच्या पाण्यासाठी बादलीत सोडलेला १५०० वॅटचा रॉड निमूटपणे काम करतो, कारण त्याची उष्णता पाणी भराभर ओढून घेते. तोच रॉड पाण्याबाहेर चालू राहिला, तर काही क्षणांत लालबुंद होतो. शक्ती तीच, परंतु हवेला पाण्याइतक्या वेगाने उष्णता वाहून नेता येत नाही; म्हणून आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता समान होईपर्यंत तापमान चढतच जाते. पर्युषणात घरची मंडळी प्रवचनास निघण्याच्या घाईत असतात. अशा वेळी रॉड चालू राहणे, किंवा बटण बंद न करताच तो बादलीतून काढून ठेवणे, हा अपघाताला दिलेला आमंत्रणाचा विडाच होय. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून पाहणे तर जिवावर बेतू शकते.

याहूनही फसवा धोका भिंतीवरील सॉकेटमध्ये दडलेला असतो. विजेच्या प्रवाहामुळे तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम इंग्लंडच्या जेम्स ज्यूल यांनी १८४१ साली प्रसिद्ध केला. २३० व्होल्टवर १५०० वॅटची शेगडी साधारण साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. सॉकेटमधील पितळी पट्टी सैल होऊन तेथे केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तरी त्या जागी सुमारे २१ वॅट उष्णता उत्पन्न होते. पातेल्याच्या दृष्टीने २१ वॅट काहीच नव्हेत. परंतु नखाएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या बंद आवरणात, तेवढी उष्णता आवरण वितळवू शकते. कोकणाच्या दमट हवेत पितळावर चढणारी कळकट पुटे हा रोध आणखी वाढवितात.

वीज सचित्त की अचित्त, याविषयी जैन परंपरांत मतभेद आहेत. तो निर्णय गुरुभगवंतांनी करावा. मात्र विजेच्या वापरात जयणा हवी, याविषयी दुमत नसावे. पनवेलहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांतील पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली उतरवून तेथे वीज केली जाते. तेवढ्या उंचीवरून उतरणारे एक लिटर पाणी जास्तीत जास्त ४.९ किलोज्यूल ऊर्जा देते. याचा अर्थ, एक लिटर पाणी उकळीला आणण्यासाठी साठ लिटर पाण्याने घाट उतरावयास हवा. आणि उकळी आल्यानंतरच्या त्या दहा अनावश्यक मिनिटांसाठी १८० लिटरांहून अधिक पाण्याने. पनवेलला मिळणारी वीज अनेक केंद्रांतून येते, त्यांत कोळसा जाळणारी केंद्रेही आहेत. तेथे पाण्याच्या जागी अग्नीचा हिशेब मांडावा लागतो, इतकेच.

म्हणून पर्युषणापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. पातेल्याला घट्ट झाकण शोधून ठेवावे. उकाळा येताच शेगडी मंद करण्याची सवय घरातील सर्वांस लावावी. आणि शेगडी पंधरा मिनिटे चालविल्यावर बटण बंद करून, प्लग सॉकेटमध्येच असताना त्याच्या प्लॅस्टिकच्या पाठीला हात लावून पाहावे. पाठ चांगलीच गरम लागली, किंवा सॉकेटभोवती काळसर डाग दिसला, तर वायरमनला त्याच दिवशी बोलवावे, आणि तो येईपर्यंत पाणी गॅसवरच उकळावे.