किनारा निवडताना



वीर निर्वाण कल्याणकाची अमावास्या झाली, नव्या वह्यांचे पूजन आटोपले, की लाभपंचमीपर्यंत आपल्यापैकी पुष्कळांची दुकाने बंद असतात. व्यापारी घरांना वर्षातून मिळणारी ही हक्काची सुटी. पूर्वी या दिवसांत पालिताणा किंवा शिखरजी होत असे. आता मुलानातवंडांच्या आग्रहाखातर समुद्रातील बेटेही यादीत आली आहेत. ज्यांनी समुद्रस्नानाचा त्याग केला आहे, त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. आजचा लेख जे जातात, त्यांच्यासाठी.

डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी घेऊन पाण्यावर पालथे तरंगत समुद्राचा तळ पाहणे, यास स्नॉर्केलिंग म्हणतात. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात त्यासाठी होडीने जावे लागते. अंदमान आणि लक्षद्वीपमध्ये मात्र काही ठिकाणी किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरता येते. होडीचे भाडे वाचते, वृद्धांना होडीत चढउतर करावी लागत नाही, वेळेचे बंधन नसते. हे तिन्ही लाभ पाहून मीच आमच्या नऊ जणांच्या परिवारासाठी शहीद द्वीपावरील, म्हणजे पूर्वीच्या नील बेटावरील, निवासस्थानासमोरचा किनारा निवडला. ती निवड चुकली.

कार्तिक शुद्ध तृतीयेचा दिवस होता. साडेअकराच्या सुमारास पाणी काठोकाठ भरलेले होते; आम्ही सहज तरंगत आत गेलो. रंगीत मासे पाहण्यात दोन तास कसे गेले, कळले नाही. परतताना पाहतो तो पाणी ओसरलेले, आणि किनारा व आम्ही यांच्यामध्ये गुडघाभर पाण्यात प्रवाळांचा विस्तीर्ण पट्टा पसरलेला. तरंगायला पाणी पुरेना आणि पाय टेकायला वाळू दिसेना. अखेर त्यावरूनच चालत यावे लागले. पावलांखाली काहीतरी कटकट मोडत होते. माझ्या मेहुण्यांच्या तळपायाला खोल जखम झाली. त्यांना मधुमेह आहे; जखम भरून येण्यास दीड महिना लागला. रात्री नातीने विचारले, “आजोबा, पाठशाळेत विद्रुम पृथ्वीकायात शिकवला होता. मग आपण त्याच्यावरून चाललो, ते कसे?” मजजवळ उत्तर नव्हते.

घरी आल्यावर मी तिथी आणि भरती यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा चूक स्वच्छ दिसली. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास समुद्रास उधाण येते. तेव्हा भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल असते, व तिचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवस टिकतो. अष्टमीच्या आसपास आणि तिच्यानंतरचे एक-दोन दिवस भांगाचे. तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. म्हणजे दिवाळी ते लाभपंचमी ही आपली ठरलेली सुटी नेमकी उधाणात येते! ज्या घरांत आठम-चौदस पाळली जाते, त्यांना हे वेगळे शिकावे लागू नये. शक्य असेल तर पाण्यातील दिवस अष्टमी ते दशमीच्या सुमारास ठेवावेत. तारीख बदलता येत नसेल, तर वेळ तरी निवडावी.

ती कशी निवडावी? दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो, आणि उंच लाटांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. पहिल्या दिवशी ओहोटीच्या वेळी काठावरून किनारा पाहून घ्यावा. वाळूची वाट कोठे आहे आणि प्रवाळ कोठे सुरू होतो, हे तेव्हाच दिसते. पाण्यात शिरावे ते चढत्या भरतीत, त्या वाळूच्या वाटेने, आणि पाणी उतरू लागण्यापूर्वी बाहेर यावे. प्रवाळावर छातीभर पाणी नसेल, तर त्या दिवशी बेत रद्द करावा. बँकेत असताना कर्ज मंजूर करण्यापूर्वी ते परत कसे येणार, हे आम्ही आधी विचारत असू. पाण्यात उतरण्यापूर्वी बाहेर येण्याची वाट विचारावी, हाच न्याय येथेही लागू आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात अंदमानात वारा ईशान्येकडून येतो, म्हणून वाऱ्याच्या आडोशाचा किनारा शांत असतो. लक्षद्वीपमध्ये बेटांच्या पश्चिमेस प्रवाळभिंतीच्या आत उथळ, निवांत सरोवरासारखे पाणी असते. नवशिक्यांना ते सोयीचे. मात्र तेथे जाण्यास परवाना आधी काढावा लागतो.

तिसरी गोष्ट खाडीची. खारफुटीच्या आणि ओढ्याच्या मुखाजवळचा किनारा कितीही सुंदर दिसला, तरी टाळावा. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. 2010 मध्ये स्वराज द्वीपावर राधानगर किनाऱ्याजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सूचनाफलक आणि जीवरक्षक जे सांगतील, ते अंतिम मानावे. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालावे, स्थानिक मार्गदर्शक घ्यावा आणि एकट्याने जाऊ नये. चौविहार करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: अंदमानात डिसेंबरात सूर्य सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो. दुपारचा बेत लांबला, तर रात्रीचे भोजन हुकलेच म्हणून समजा.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. जीवविचार प्रकरणात विद्रुम पृथ्वीकायात गणला आहे आणि शंख व कवडी द्वींद्रियांत. आजचे प्राणिशास्त्र सांगते की, प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असून ते चुन्याचे घर बांधत वाढतात. गोल, भरीव जातीचा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वर्गीकरण निराळे असले, तरी दोन्हीकडे तो सजीवच आहे. आमच्या दहा मिनिटांच्या चालण्याने किती वर्षांची वाढ मोडली, याचा हिशेब मी आजही मांडू शकत नाही.

म्हणून प्रवाळावर उभे राहू नये, त्यास स्पर्श करू नये. जीवदयेच्या भावनेने माशांना पाव-बिस्किटे घालणारी आपली माणसे मी पाहिली आहेत. हेतू चांगला, पण ते त्यांचे अन्न नव्हे, आणि त्याने त्यांच्या सवयी बिघडतात. उन्हासाठी अंगाला मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. हवाईत तर 2021 पासून प्रवाळास अपायकारक असे दोन घटक असलेल्या मलमांची विक्री बंद आहे. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून आणू नयेत. आपल्या समुद्रातील अनेक प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे आणि अंदमानाहून निघताना सामान तपासले जाते.

आपल्या धर्मात यासाठी ‘जयणा’ हा एकच शब्द पुरेसा आहे. जमिनीवर पाहून पाऊल टाकण्याचा संस्कार आपल्याला लहानपणी मिळतो. पाण्याखाली पाऊल दिसत नाही, म्हणून तेथे किनारा आणि वेळ आधी पाहावी लागते. या वर्षी आमच्या घरी सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी मेहुण्यांनी स्वतः पंचांग मागून घेतले. मुले कुरकुरली, पण सहल लाभपंचमीनंतरच्या अष्टमीला ठरली. दुकान चार दिवस मुनीमजी सांभाळतील.