आधी 'वऱ्हाड' छापून दाखवा



स्वतःचं पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं की आपण इंजिनियर लोक सगळ्यात आधी काय करतो? सॉफ्टवेअर डाउनलोड करतो! मीही तेच केलं. जठारपेठेतल्या घरी आईच्या स्वयंपाकाच्या तीन वह्या आहेत. अर्धं लिखाण पेन्सिलीचं, पुसट होत चाललेलं. म्हटलं, चार विकांत काढू आणि दिवाळीला नातेवाइकांना वाटायला छोटंसं पुस्तक करू. पहिला विकांत फॉन्ट निवडण्यात आणि मुखपृष्ठाचा रंग ठरवण्यात गेला. मजकूर तेव्हा एक ओळही टाइप झालेला नव्हता. असो.

पुढे दोन घोटाळे झाले. त्यांतून माझं एक मत पक्कं झालंय, तेच आज सांगतो. पुस्तकाचं नियोजन म्हणजे कुठल्या टप्प्यावर कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं याची यादी नव्हे. कुठल्या टप्प्यावर कोणाचा शब्द शेवटचा, हे ठरवणं म्हणजे नियोजन.

घोटाळा पहिला. टाइप केलेला मजकूर शुद्धलेखनासाठी पुण्याच्या एका मित्राला दिला. मराठी एकदम चोख त्याचं. आईनं लिहिलं होतं, 'गंजात पाणी उकळायला ठेवावे.' आमच्याकडे गंज म्हणजे मोठं पातेलं. त्याला वाटलं, लोखंडावरचा गंज! त्यानं इमानदारीत सगळीकडे 'पातेले' करून टाकलं. मी नुसती नजर टाकली आणि मंजूर केलं. आईनं कागद हातात घेतला आणि पहिल्याच पानावर विचारलं, "काऊन रे, माह्या गंजाचं पातेलं कोनं केलं?"

मी म्हटलं, "अगं, बाहेरच्यांना कळत नाही."

"मंग त्यायले सांग ना गंज म्हंजे काय ते. माहा गंज काऊन हटवतं?"

बरोबरच होतं तिचं. परक्या शब्दाला शेवटी एका ओळीचा अर्थ देता येतो. पण शब्दच काढून टाकला तर पुस्तक कोणाचं राहिलं? तेव्हापासून नियम केला: सुधारणा कोणीही सुचवावी, मंजुरी फक्त आईची. आणि तीही कागदावर, मोठ्यानं वाचून. स्क्रीनवर डोळा चुका गिळतो, कानाला त्या लगेच टोचतात.

घोटाळा दुसरा जास्त महागात पडला. मी छापखान्यात वर्डची फाइल दिली. तिथल्या माणसानं ती आपल्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतली. वीस प्रती आल्या आणि मुखपृष्ठावर 'वऱ्हाडी' ऐवजी 'वर्हाडी'! आत भाकऱ्या, पुऱ्या, कैऱ्या, रोडगे भाजायच्या गोवऱ्या, सगळ्यांच्या डोक्यावर रफार. पैसे गेले ते गेलेच, वर वीस प्रती रद्दीत. चूक मात्र अर्धी माझीही होती. फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ द्यायची सोडून मी उघडी फाइल दिली होती.

यातली तांत्रिक गंमत सांगतो. हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, नुक्तावाला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलात की एकाला दुसरा सापडत नाही. माझ्या मजकुरात दोन्ही होते, कारण थोडं मोबाइलवर टाइप केलेलं, थोडं लॅपटॉपवर. म्हणून मांडणीला हात लावण्याआधी सगळे एकाच पद्धतीचे करून घ्या. इनडिझाइन वापरत असाल तर वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला आहे ना, तेही बघा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात. आणि छापखाना ठरवण्याआधी त्याला पुस्तकाचं एकच पान छापायला द्या, ज्यात 'वऱ्हाड' असेल. ते नीट आलं तर पुढचं बोलणं.

आता माझा क्रम असा आहे. मजकूर टाइप करायचा, आईकडून मंजूर करून घ्यायचा आणि मग गोठवायचा. त्यानंतर स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. मग पानांचा हिशेब. पुस्तक बहुधा 16 पानांच्या फॉर्ममध्ये छापतात. माझी 118 पानं भरली, म्हणजे 8 फॉर्म, 128 पानं. मग मांडणी, एक नमुना प्रत, आणि सगळ्यात शेवटी मुखपृष्ठ, कारण पानं आणि कागद ठरल्याशिवाय कण्याची जाडी कळत नाही. म्हणजे मी पहिल्या विकांताला केलेलं काम खरं तर शेवटचं होतं :-)

आपल्याकडे हा धडा जुनाच आहे म्हणा. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्यापाशी होत्या त्यांना गाठून, विचारून, पडताळून. आधी माणसं, मग मजकूर. पुढे मूळ प्रत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला, असं परंपरा सांगते. म्हणून त्याचे वेगवेगळे पाठ मिळतात. आपण याला बॅकअप नसणं म्हणू. त्यांनी निदान ज्यांना पाठ होतं त्यांना विचारलं. आईच्या वह्यांत 'अंदाजानं' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथला अंदाज तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. तो विचारून घेणं हे कुठल्याच सॉफ्टवेअरचं काम नाही.

तेव्हा तुमच्या घरी अशी वही असेल तर या शनिवारी काही डाउनलोड करू नका. वही घ्या, जिची आहे तिच्याशेजारी बसा आणि पहिलं पान तिच्याकडून वाचून घ्या.

आमची दिवाळी हुकली, संक्रांत गाठायची आहे. शेवटची 10 पानं कोरी राहतात म्हणून मी कुरकुरत होतो. आई म्हणाली, "राहू दे कोरीच. तुह्या मावशीले त्यात आपलं लिहायचं असन."